बाबांच्या बाजूचं दार

ता. ९ मार्च

ती. काकांना भिंगरीचा नमस्कार,

फोनच करणार होते. पण गेल्या वेळी तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी ओरडले आणि इकडे बाबा दचकून कपाटाआड जाऊन उभे राहिले. तेव्हा पत्रच बरं. शिवाय विषय रंगाचा आहे, आणि रंगातलं कळणारी आपल्या घरात दोनच माणसं. एक माझ्याशी धड बोलत नाही, म्हणून दुसऱ्याला लिहिते आहे.

महिन्यापूर्वी घरासमोर उभ्या असलेल्या आपल्या चंदेरी गाडीला सामान पोचवणाऱ्या एका गाडीनं मागे येताना धडक दिली. बाबा बसतात त्या बाजूचं पुढचं दार पार आत गेलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं पत्रा ठोकून सरळ केला, खळग्यांत लांबी भरली, घासलं, रंग मारला. काम चांगलं झालं असं मला वाटलं. मी खुशीत गाडी घरी आणली, बाबांचा हात धरून फाटकापर्यंत नेलं आणि दार उघडलं. ते थांबले. दाराकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे, मग पुन्हा पुढच्या. म्हणाले, "हे दुसऱ्या लॉटचं आहे. माझी गाडी आणा."

तुम्हाला ठाऊकच आहे, गिरणीत उभा जन्म त्यांनी कापडाचे रंग पास करण्यात घालवला. ठाणाशी ठाण जुळलं नाही की माल परत. आता त्यांना माझं नाव आठवत नाही, आई गेली हे आठवत नाही, जेवण झालं की नाही तेही आठवत नाही. पण डोळा शाबूत आहे. मी खाली वाकून, तिरकं होऊन बघितलं तेव्हा मलाही दिसलं. समोरून दार बरोबर वाटतं. बाजूनं पाहिलं की काळपट मारतं.

नुसता हट्ट असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण रोज सकाळी त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या त्या दिवसभराच्या केंद्रात सोडून मी कचेरीत जाते. तिथे ते खूश असतात, चौघांत बसतात. आता ते गाडीतच बसत नाहीत. टॅक्सी आणली तर ड्रायव्हरला म्हणाले, "आमची गाडी येतेय, तुम्ही निघा." ओढून बसवायला गेले तर दाराची कड धरून लहान मुलासारखे रडले. केंद्रवाल्या बाई भल्या आहेत, पण जागेसाठी रांग आहे, त्या तरी किती दिवस थांबणार? आणि आमचे साहेब तर मुळीच थांबणारे नाहीत.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले, ते म्हणतात कंपनीच्या रंगाच्या नंबराप्रमाणे रंग आहे, आमच्या हिशोबी बरोबर. दुसरा एकजण म्हणाला, अख्खी गाडीच रंगवा. म्हणजे बाबा अख्खी गाडीच नाकारणार! मी हात टेकले आहेत. काय करू ते सांगा.

तुमची,
भिंगरी


ता. १६ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद,

अक्षर तुझ्या काकूचं आहे, मजकूर माझा. माझा अंगठा दुखावलाय, पेन धरवत नाही.

दादा म्हणतोय ते बरोबर आहे आणि तू त्याला हट्ट म्हणतेस याचा मला राग आला आहे. (खरंच आला आहे. चहा तसाच ठेवलाय. – काकू)

आता नीट वाच. गाडीच्या चमकीच्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कसे पडतात यावर रंग ठरतो. डबा तोच, माणूस दुसरा, की रंग दुसरा. रंग फवारायची गन जवळ धरून ओला हात दिला तर कण बुडतात आणि रंग काळवंडतो. लांबून कोरडा मारला तर पांढरट होतो. समोरून बरोबर आणि बाजूनं काळपट, असं तू लिहिलं आहेस. त्या तुझ्या गॅरेजवाल्याला माझं नाव न सांगता एकच विचार: दार काढून आडवं टाकून मारलं का? हो म्हणाला तर त्याला माझ्यातर्फे मनातल्या मनात एक लगावून दे. आडव्या पत्र्यावर कण निजतात. गाडीचं दार उभं असतं. चाळीस वर्षं मी वर्कशॉपातल्या पोरांना हे ओरडून सांगत आलो. आडवं मारलं की ओघळ येत नाहीत, म्हणून आळशी लोक आडवं मारतात.

दुसरं. गाडी किती जुनी आहे! उन्हानं रंग विटला असणार. रंगाचा नंबर गाडी फॅक्टरीतून निघाली त्या दिवशीचा आहे, आजचा नाही. तेव्हा पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढ, पॉलिशनं घासून स्वच्छ कर आणि मला पाठव. त्याच्याबरोबर गॅरेजवाल्याकडून पत्र्याच्या चार-पाच पट्ट्यांवर वेगवेगळा रंग मारून घे. पट्ट्या टांगून मारायच्या, वर क्लिअरचा पारदर्शक हात द्यायचा, मागे खिळ्यानं नंबर कोरायचे. फोटो पाठवू नकोस. फोटोत सगळ्या गाड्या एका आईच्या दिसतात. मी बघून कुठली ते कळवतो.

दादाला सांग, धाकटा कामाला लागलाय.

तुझा काका


ता. २७ मार्च

ती. काका,

आडवंच मारलं होतं! मी विचारताच गॅरेजवाला म्हणाला, "आम्ही सगळे आडवंच मारतो, ताई." मनातल्या मनात लगावली.

सोबतच्या डब्यात झाकण आणि पाच पट्ट्या आहेत. झाकणाच्या जागी भोक ठेवून गाडी उभी आहे. बोळा म्हणून मी एक मोजा कोंबलाय. पोस्टातल्या माणसानं डबा हलवून विचारलं, आत काय आहे? म्हटलं, गाडी आहे, थोडी थोडी पाठवतेय.

पट्ट्या पाठवण्याआधी एक उद्योग केला. म्हटलं, घरात एवढा मोठा पारखी बसलाय, त्यालाच विचारू. दुपारी खिडकीशी टेबल ओढलं, झाकण मध्ये ठेवलं, पट्ट्या बाजूला मांडल्या. काका, तुम्ही हवे होतात. बाबांची पाठ ताठ झाली. त्यांनी प्रत्येक पट्टी उचलली, उजेडाकडे पाठ केली, सरळ बघितली, तिरकी बघितली, डोळे मिटून पुन्हा उघडून बघितली. माझ्याकडे न बघता हात पुढे केला, मी पुढची पट्टी दिली. तासभर मी त्यांची असिस्टंट होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काही विचारू नका. शेवटी त्यांनी पाचही पट्ट्या गोळा केल्या, माझ्यापुढे सरकवल्या आणि म्हणाले, "सगळा माल परत. आणि साहेबांना सांगा, मी सही करणार नाही."

मी म्हटलं, बाबा, त्यातल्या त्यात? तर म्हणाले, त्यातल्या त्यात असं रंगात काही नसतं. झालं, मुलाखत संपली. पाच मिनिटांनी मला विचारलं, आपण कोणाकडे आलोय?

तेव्हा आता सगळं तुमच्यावर. केंद्रानं एप्रिलअखेरपर्यंत जागा ठेवली आहे. दुपारपर्यंत शेजारच्या बाई येऊन बसतात, मग मी अर्धी रजा टाकून येते. साहेब रजेचा अर्ज दोन बोटांत धरतात.

अंगठा कसा आहे? डॉक्टरांना दाखवलात का?

भिंगरी


ता. ४ एप्रिल

चि. भिंगरी,

दोन नंबरची पट्टी. शंका घेऊ नकोस. झाकणाशेजारी धरली की कड दिसत नाही.

दार गाडीला लावून मारायचं, उभंच. आणि नुसतं दार नाही. रंग दारावर पुरा द्यायचा, पण कडेला येताना हात हलका करत पुढच्या मडगार्डवर आणि मागच्या दारावर विरवत न्यायचा, आणि क्लिअर तिन्ही पत्र्यांवर पूर्ण मारायचा. डोळ्याला जिथं रेघ सापडते तिथंच तो अडकतो. रेघच ठेवायची नाही. गॅरेजवाला कटकट करेल, म्हणेल चांगल्या पत्र्याला हात कशाला लावायचा. त्याला म्हणावं, लाव.

दादानं पाचही परत केल्या हे वाचून मी हसलो. मी नवं वर्कशॉप टाकलं तेव्हा पहिली गाडी बघायला त्यालाच बोलावलं होतं. त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, मागचं दार पुन्हा मार. बाकी एक शब्द नाही. मी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला, आणि दार पुन्हा मारलं.

तो माझ्याबद्दल विचारतो का गं कधी?

अंगठा बरा आहे. (अंगठ्याला काही झालेलं नाही, असं मला लिहायचं आहे, पण लिहू देत नाहीत. – काकू) या बाईचं काही ऐकू नकोस.

काका


ता. २१ एप्रिल

काका,

नमस्कार लिहायचं सुचत नाहीये, रागावू नका.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. गॅरेजवाल्याशी भांडून केलं. दार लावून, उभं, दोन्हीकडे विरवत, दोन नंबर. तो मारत होता तेव्हा मी तिथे स्टुलावर बसून होते. नाकाला फडकं बांधून, पोलिसासारखी. तो म्हणालाही, "ताई, हा निळसर पडेल, मला चार नंबर बरा वाटतो." मी म्हटलं, माझ्या काकांनी जन्मभर हेच केलंय, तुम्ही मुकाट्यानं मारा.

दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात काढली. काका, निळी! आधी नुसतं दार वेगळं होतं, आता दार, मडगार्ड, मागचं दार, सगळी एक बाजूच वेगळी. मला न वाकता, न तिरकं होता, रस्त्याच्या पलीकडून दिसली.

मी मूर्खासारखी तरी बाबांना घेऊन आले. म्हटलं, बघू. ते फाटकाशीच थांबले. म्हणाले, "माझी गाडी चोरीला गेली." मग रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिले. एका भल्या माणसानं पोलिसांना फोन करू का म्हणून विचारलं. त्यांना आत नेलं तर खिडकीशी उभे राहून वाट बघत होते. रात्री जेवले नाहीत. आता तीन दिवस झाले, बाहेर जाऊ या म्हटलं की चपला हातात घेऊन पलंगावर बसतात.

साहेबांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. ते कधी खुर्ची देत नाहीत, तेव्हा काय ते समजा.

काका, तुम्ही पट्टी नीट पाहिलीत ना? एवढंच सांगा. मला तुमच्यावर चिडायचं नाहीये. पण मला कोणावर तरी चिडायचं आहे आणि इथे फक्त बाबा आहेत.

भिंगरी


ता. २७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

हे पत्र माझं आहे, काकूचं. ते झोपले आहेत. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा शेवटच्या ओळी गाळल्या. त्यांना कळलं. म्हणाले, पुढे वाच. वाचलं.

त्यांना दिसत नाही गं. गेली दीड वर्षं कमी कमी होत गेलं, आता माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. डॉक्टर म्हणतात, आता उपाय नाही. कोणाला सांगायचं नाही अशी मला शपथ आहे, आणि सगळ्यात जास्त तुझ्या बाबांना. जन्मभर दोघांची चढाओढ कोणाचा डोळा तिखट. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा इतके खुलले की मला नाही म्हणायचा धीर झाला नाही. खोलीत येरझाऱ्या घालत मजकूर सांगत होते. दादाला माझी गरज पडली, असं चार वेळा म्हणाले.

पट्ट्या मी पाहिल्या. त्यांनी विचारायचं आणि मी सांगायचं. "झाकणाला लावून धर. आता तिरकी कर. कड दिसते का? कुठली उजळ?" मी सांगत गेले. पण मी पाहिलं ते स्वैपाकघरात, ओट्यावर, पिवळ्या दिव्याखाली. बाहेर जिन्यावरून ते पडले होते म्हणून मी त्यांना आत बसवलं आणि मीही आतच बसले. त्यांनी विचारलं, उजेड कुठला आहे? मी म्हटलं, भरपूर आहे. भात शिजत होता, माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं गं, आणि मी भरपूर म्हटलं. ऊन आणि दिवा यात इतका फरक असतो हे त्यांच्याशी इतकी वर्षं संसार करूनही मला माहीत नव्हतं. मला भाजी ताजी की शिळी एवढंच कळतं.

काल दोघं अंगणात गेलो. मी त्यांना हाताला धरून उन्हात खुर्चीवर बसवलं, पट्ट्या घेतल्या. मलासुद्धा दिसलं, दोन नंबर निळा. चार नंबर जवळचा, पण किंचित उजळ. मग त्यांनी मला पाऊण तास छळलं. सूर्याकडे पाठ कर, आता तोंड कर, आता सावलीत जा, झाकणापेक्षा चमकीचा दाणा जाड दिसतो की बारीक, पांढुरकं धुकं कुठे जास्त. शेवटी म्हणाले: चार नंबरच घ्या, त्यात काळा अगदी थेंबभर, आणि शेवटचा हात जरा ओला. गॅरेजवाल्याला सांग, त्याचा डोळा चांगला आहे, आणि मी तसं म्हणालो असं सांग. झाकण परत पाठवते आहे.

तुझ्या शंकेचं उत्तर असं आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चीड. मला चालेल. ते तेव्हापासून फार कमी बोलतात.

काकू


ता. १९ मे

ती. काका आणि काकू,

जुळला!

गॅरेजवाल्याला तुमचा निरोप सांगितला. तो एकदम लाजला, आणि मग त्यानं हे काम देवाचं असल्यासारखं मनावर घेतलं. तिन्ही पत्रे पुन्हा घासले, चार नंबरात काळा काडीनं टेकवला, पट्टी मारून उन्हात झाकणाशी धरली, मला बोलावून दाखवली, मग स्वतःच नाही म्हणाला आणि पुन्हा टेकवला. शेवटचा हात ओला. मी स्टुलावर होतेच, पण या वेळी गप्प.

काका, रेघ नाही. मी सकाळी पाहिलं, भर दुपारी पाहिलं, संध्याकाळी दिवे लागताना पाहिलं. समोरून, वाकून, जमिनीवर बसून पाहिलं. धडक कुठे बसली होती ते मलाच सांगता येत नाही. गॅरेजवाला म्हणाला, असं काम मी आधी केलं नव्हतं आणि पुन्हा करायला कोणी सांगणार नाही. तुम्हाला भेटायचंय त्याला.

परवा सकाळी बाबांना तयार करून बाहेर आणलं. ते दाराशी थांबले नाहीत. सरळ आत बसले, मी पट्टा लावून दिला, आणि आम्ही केंद्रात गेलो. जागा थोडक्यात वाचली, बाईंनी एप्रिलनंतरही दोन-अडीच आठवडे धरून ठेवली होती. काल गेले, आजही गेले. मी वेळेवर कचेरीत होते.

एप्रिलमध्ये वाकडं लिहिलं त्याची माफी मागत नाही, कारण तुम्ही मला ओरडाल. पण तुमच्याशिवाय हे झालं नसतं, हे अगदी खरं आहे. इथल्या इतक्या डोळ्यांना हे जमलं नव्हतं.

तुमची,
भिंगरी


काकू,

हा दुसरा कागद फक्त तुझ्यासाठी. काकांना पहिला वाचून दाखव आणि तिथेच थांब. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

परवा सकाळी मी बाबांना घेऊन बाहेर आले तेव्हा शेजारच्या बाई त्यांच्या गाडीतून पिशव्या उतरवत होत्या. लाल गाडी आहे त्यांची, लहानशी, आपल्या गाडीच्या पुढेच उभी. दार उघडं होतं. बाबांनी माझा हात सोडला, आपल्या गाडीवरून पुढे गेले, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि लाल गाडीत जाऊन बसले. हात मांडीवर ठेवले, समोर बघत राहिले. बाई पिशवी धरून उभ्या. मी म्हटलं, बाबा, ही आपली गाडी नाही. आपली ती बघा, रंग बघा, जुळला. तर म्हणाले, "चालेल. तुम्ही म्हणाल त्यात बसतो."

मी त्यांना उतरवलं. आपल्या गाडीपर्यंत नेलं, दाराशी मुद्दाम उभं केलं. त्यांचं डोकं हातानं दाराकडे वळवलं, काकू. काहीच नाही. मी दार उघडलं, बसले. काल मी उगीच त्यांना गॅरेजच्या बाहेर एका भलत्याच पांढऱ्या गाडीशी नेलं. त्यातही बसायला निघाले.

चपला हातात घेऊन पलंगावर बसले होते ना, ते कधी थांबलं मला सांगता येत नाही. मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून रंग सुकायची वाट बघत होते त्याच दिवसांत केव्हातरी.

केंद्रातल्या बाई म्हणतात, किती शहाण्यासारखे वागतात हल्ली, काही त्रास नाही. साहेबही खूश आहेत. सगळे खूश आहेत. मी त्यांना सोडून गाडीत येऊन बसते आणि मला गाडी सुरू करवत नाही.

काकांना विचारू नकोस, तुलाच विचारते. ते पहिलं काळपट दार आम्ही तसंच ठेवलं असतं, तर बाबा अजून थोडे दिवस माझ्याशी भांडले असते का गं?

भिंगरी